कोपरभर जागा

इंग्लंडमधल्या कारखान्यांत नव्याने लागलेल्या पोराची एक ठरलेली फजिती करत. मुकादम त्याला सांगे, "जा, कोठीतून एल्बो ग्रीसचा एक डबा घेऊन ये." पोरगं इमानेइतबारे कोठीवाल्याकडे जाई. कोठीवाला गंभीर चेहऱ्याने म्हणे, "आमच्याकडचा संपला, पलीकडच्या खात्यात बघ." अर्धा कारखाना पालथा घातल्यावर केव्हातरी त्याच्या डोक्यात प्रकाश पडे, की हे वंगण डब्यात मिळत नसतं. एल्बो ग्रीस म्हणजे निव्वळ अंगमेहनत. पितळ घासताना, लाकूड रंधताना कोपर जे सारखं पुढे-मागे चालतं, त्याचं हे वंगण. सतराव्या शतकापासून हा शब्द इंग्रजीत आहे. फ्रेंच लोक त्यालाच कोपराचं तेल म्हणतात.

मराठीत हा डबा कुणी मागायचं नाही, कारण आपलं बळ कोपरात राहतच नाही. ते राहतं मनगटात, नाहीतर दंडात. मनगटाच्या जोरावर माणूस घर उभं करतो, दंड थोपटून आखाड्यात उतरतो. या दोघांच्या मधे बसलेला सांधा मात्र बिनश्रेयाचा. जातं ओढणाऱ्या, वरवंटा फिरवणाऱ्या बायकांची कोपरं पहाटेपासून चालत, पण भाषेने ते सगळे कष्ट 'हाडाची काडं' म्हणून अख्ख्या सांगाड्याच्या खात्यावर जमा केले. या एका बाबतीत मी इंग्रजीच्या बाजूने आहे. पातेल्याची करप घासून पाहावी. पहिली तक्रार कोण करतं ते कळतं.

एल्बो ग्रीस नसेल, पण खुद्द एल्बो आपल्याकडे दुकानात मिळतो, आणि तोही नगावर. "पाऊण इंची एल्बो दोन, टी एक, आणि टेफलॉनची टेप द्या," असं गावोगावच्या हार्डवेअरच्या दुकानात रोज कुणीतरी म्हणतं. म्हणणाऱ्याला इंग्रजी येत असण्याची गरज नसते आणि या शब्दाचा हाताशी काही संबंध आहे हे त्याच्या गावीही नसतं. मराठीत येताना या सांध्याचं लिंगही बदललं. ते कोपर, पण तो एल्बो. 'एल्बो गळतोय', 'एल्बो बदलावा लागेल'. नळकामात हा दिसायला सगळ्यांत साधा आणि करणीने सगळ्यांत खोडकर भाग. सरळ येणाऱ्या पाण्याला काटकोनात वळायला लावलं की त्याचा जोर मोडतो. आट्यांचा नेहमीचा काटकोनी एल्बो पाण्याला त्या नळीच्या व्यासाच्या साधारण ३० पट लांब सरळ नळीइतका अडथळा करतो. म्हणजे एक इंची नळीत एक एल्बो टाकला, की पाण्याच्या दृष्टीने नळी अडीच फूट लांबली. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरात धार बारीक का येते, याचं उत्तर कधीकधी टाकीत नसतं, ते भिंतीत गाडलेल्या या कोपरांमध्ये असतं. जाणता प्लंबर म्हणूनच शक्य तिथे लांब वळणाचा बेंड वापरतो. घाईतला प्लंबर काटकोन मारून मोकळा होतो.

मूळ इंग्रजी शब्दातही हे वळण आहेच. जुन्या इंग्रजीत एल्न म्हणजे पुढचा हात आणि त्या हाताएवढं माप, तर बोगा म्हणजे बाक किंवा धनुष्य. एल्नबोगा म्हणजे हाताचा बाक. यातल्या एल्नपासून पुढे एल हे कापडाचं माप आलं आणि इंग्लंडात ते ४५ इंचांवर स्थिरावलं. एवढा लांब पुढचा हात कुठल्याही माणसाला नसतो. कापडाच्या धंद्यात माप वाढत गेल्याचं हे विरळा उदाहरण म्हणायचं. लॅटिनमध्ये कोपराला क्युबिटम म्हणत. क्युबिट हे माप त्यातून आलं. प्राचीन इजिप्तचा राजमान्य क्युबिट २८ बोटांचा, सुमारे साडेबावन्न सेंटिमीटरचा होता. आपला हात २४ अंगुळांचा. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजायचं, हे इतक्या लांबच्या लोकांना वेगवेगळं सुचलं याचं नवल करण्याचं कारण नाही. पट्टी घरी विसरता येते, कोपर विसरता येत नाही. मीटर येऊन एवढा काळ लोटला तरी मांडववाला कार्यक्रम संपल्यावर वायर गुंडाळतो ती अंगठ्याच्या बेचक्यातून कोपराखालून वेढे घेतच. सगळे वेढे एका मापाचे पडतात.

कोपरापासून मोजणारी माणसं पुढे खुद्द कोपरच मोजायला लागली, ती क्रिकेटमुळे. १९९५ च्या २६ डिसेंबरला मेलबर्नच्या कसोटीत पंच डॅरेल हेअर यांनी मुथय्या मुरलीधरनला फेकीबद्दल सात वेळा नोबॉल दिला. मुरलीचं कोपर जन्मतःच पूर्ण सरळ होत नाही. वाकडं कोपर हा गुन्हा नव्हेच. चेंडू टाकताना ते किती सरळ झालं, हा प्रश्न. मग प्रयोगशाळा, कॅमेरे, अंगावर चिकटवलेल्या खुणा असं सगळं झालं आणि भलतंच निघालं. ज्यांच्या शैलीची वाहवा होत होती अशा अनेक गोलंदाजांची कोपरंही थोडीफार सरळ होतच होती, फक्त ती डोळ्यांना दिसत नव्हती. आधी फिरकीला ५ अंश, वेगवान गोलंदाजाला १० अंश अशी मर्यादा होती. २००५ मध्ये सरसकट १५ अंशांची मुभा देण्यात आली. त्याहून जास्त झालं तर उघड्या डोळ्यांना कळू लागतं, हे त्यामागचं कारण. कसोटीत मुरली ८०० बळींवर थांबला. त्याच्यावरचा वाद अजून अनेकांच्या लेखी मिटलेला नाही, पण माझ्या मते १५ अंशांच्या त्या नियमाने एका माणसावरचा आरोप काढून साऱ्या गोलंदाजांना एका मापात बसवलं, आणि ते योग्यच झालं.

दुसरं कोपर सचिनचं. मैदानावरच्या कुठल्याही प्रशिक्षकाच्या तोंडात एक वाक्य बसलेलं असतं: "कोपर वर ठेव." उजव्या हाताने खेळणाऱ्याचं डावं कोपर उंच राहिलं की बॅट सरळ येते आणि चेंडू जमिनीलगत जातो. सचिनचं नेमकं तेच डावं कोपर २००४ मध्ये दुखावलं आणि टेनिस एल्बो हा शब्द ओसरीवरच्या आजोबांपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी झाला. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या बंगळूर आणि चेन्नईच्या कसोट्या तो खेळला नाही, तिसऱ्या कसोटीला नागपुरात उतरला. पुढे मे २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली. त्या दिवसांत ऑर्थोपेडिककडे जाणाऱ्या प्रत्येकाला आपल्याला तोच आजार असल्याचा एक बारीकसा अभिमान असे. खरं तर हे दुखणं टेनिसशी एकनिष्ठ नाही. मनगट वर उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला जिथे चिकटतात, तिथे ते होतं. घट्ट पकडून पिळण्याचं काम रोज करणाऱ्या कुणालाही ते गाठतं. रॅकेट कधी हातात न धरलेल्या, पण आयुष्यभर कणीक मळलेल्या आणि चादरी पिळलेल्या बायकांनाही. त्यांच्या दुखण्याला कणीक एल्बो म्हणावं असं मात्र कुणा डॉक्टराला सुचलं नाही.

इंग्रजीत या शब्दाचा सगळ्यांत जिवंत उपयोग मला एल्बो रूममध्ये दिसतो. कोपरं हलवता येतील एवढी मोकळीक. शेक्सपिअरच्या 'किंग जॉन' नाटकाच्या शेवटी विषाने आतून होरपळणाऱ्या राजाला बागेत आणतात, तेव्हा मरता मरता त्याला समाधान वाटतं ते आपल्या जिवाला एल्बो रूम मिळाल्याचं. राजा असून त्याला एवढंच हवं होतं. याच शब्दाने एका सेनापतीचं नाव बदलून टाकलं. १७७५ मध्ये बोस्टनमध्ये अडकलेल्या इंग्रज फौजेच्या मदतीला जनरल जॉन बर्गोइन जहाजाने आला. आम्ही आत पोचलो की हवी तेवढी एल्बो रूम करून घेऊ, अशी फुशारकी त्याने मारली आणि अमेरिकनांनी त्याचं टोपणनावच एल्बो रूम ठेवलं. १७७७ च्या ऑक्टोबरात सॅराटोगाला त्याने सगळ्या सैन्यासह शरणागती पत्करली. कैदी म्हणून त्याची वरात गावातून जाताना एक म्हातारी गर्दीला ओरडून सांगत होती म्हणे, सरका, जनरलसाहेबांना एल्बो रूम द्या.

मराठीत जागा कमी पडते तेव्हा आधी पाय आठवतात. पाय ठेवायला जागा नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत. पाय मोकळे करून येतो. घर चांगलं आहे, हातपाय पसरून बसता येतं. मला वाटतं हा बसण्याचा फरक आहे. जमिनीवर मांडी घालून बसणारा समाज जागा पायांनी मोजतो, खुर्चीत बसणारा कोपरांनी. खुर्चीला हात असतात आणि शेजारच्या खुर्चीलाही असतात, आणि सिनेमागृहात तर दोघांत मिळून एकच हात असतो. त्या एका हातावर अंधारात तीन तास चाललेली लढाई पडद्यावरच्या लढाईपेक्षा चिवट असते. टेबलावर कोपर टेकू नये ही साहेबी शिस्तही त्यातलीच. इरॅस्मसने १५३० मध्ये मुलांच्या चालीरीतींवर जे पुस्तक लिहिलं, त्यात म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांना तेवढी सवलत ठेवली होती. आपल्या पंगतीत टेकायला टेबलच नव्हतं. तिथे शिस्त होती ती वाढप्याच्या वाटेत गुडघा येऊ न देण्याची. लग्नाच्या पंगती टेबल-खुर्चीवर गेल्यापासून मात्र मठ्ठ्याची वाटी कोपराने कलंडण्याचे प्रसंग वाढले आहेत, हे कुठलाही केटरर सांगेल.

मग मराठी कोपर करतं काय? ते शेजाऱ्याशी व्यवहार करतं. इंग्रजी कोपर माणसाला बाजूला सारतं. प्रेमातून बाहेर काढणं, नोकरीवरून घालवणं, यालाही इंग्रज कोपर देणं म्हणतात. आपलं कोपर बाजूला सारत नाही, ते टोचतं. कोपरखळी मारायची ती लांबच्याला नव्हे, शेजारी बसलेल्यालाच. ज्याला कोपर पोचतं, त्यालाच. म्हणून कोपरखळीत थोडं तरी आपलेपण गृहीत असतं. अनोळखी माणसाला मारली तर ती कोपरखळी राहत नाही, भांडण होतं. लेखनातली कोपरखळीही तशीच. टीकाकाराची कुऱ्हाड लांबून फेकता येते, कोपरखळी मारायला त्याच बाकावर बसावं लागतं. आपल्या वर्तमानपत्रांत हल्ली कुऱ्हाडी पुष्कळ आहेत आणि बाक रिकामे आहेत.

मऊ लागलं म्हणून कोपराने खणू नये, ही म्हण मला आपल्या भाषेतल्या सगळ्यांत शहाण्या म्हणींपैकी वाटते. जमीन मऊ आहे, कुदळ आणायचेही कष्ट नकोत, हातातलं काम तसंच ठेवून नुसतं कोपर घातलं तरी खड्डा पडतो. असा खणणारा दुष्ट असतोच असं नाही, तो आळशी असतो. कचेरीत जो नाही म्हणत नाही त्याच्याच टेबलावर फायली का साचतात, चार भावंडांत आईची औषधं आणायला एकीलाच फोन का येतो, हे या म्हणीत आहे. खणणाऱ्याला ती कुणी ऐकवत नाही. ती खणल्या गेलेल्याने नंतर, दुसऱ्याच कुणाजवळ, म्हणायची असते.

आणि कोपराचा गूळ. आशा दाखवायची पण हाती काही लागू द्यायचं नाही, याला कोपराला गूळ लावणं म्हणतात. जिभेने स्वतःचं कोपर चाटणं जवळपास कुणालाच जमत नाही, या शरीराच्या रचनेवर अख्खा वाक्प्रचार उभा आहे. रशियनांचीही अशीच म्हण आहे: कोपर जवळ असलं तरी चावता येत नाही. पण त्यांच्याकडे कोपर नुसतंच आहे, गूळ लावणारा दुसरा माणूस नाही. आपल्याकडे तो आहे. आपण आपल्या दुर्दैवाबद्दल बोलतानाही कुणीतरी ते लावून गेलं असं धरून चालतो, आणि निवडणुकांच्या काळात तर तसं धरून चालणंच बरोबर ठरतं. गूळ खाणाऱ्याला मिळत नाही, मुंग्या मात्र लागतात.

माणूस फारच झाला की त्याला कोपरापासून नमस्कार. नुसते तळवे जोडून भागत नाही, हात कोपरापासून जोडायचे: बाबा, तू थोर, आता जा. २०२० च्या मार्चमध्ये साथ पसरली तेव्हा जगभरचे पुढारी हस्तांदोलन सोडून कोपराला कोपर लावू लागले. जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमुख टेड्रोस यांनी तेव्हाच सांगितलं होतं की त्यात समोरचा माणूस मीटरभराच्या आत येतो, त्यापेक्षा छातीवर हात ठेवावा. आपल्याकडे नमस्काराची सोय आयती होती. तरी मंत्र्यांपासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत बरेच जण हौसेने कोपरं भिडवत होते. कॅमेऱ्यापुढे नमस्कार जुना दिसतो.

युरोपच्या चित्रकलेत कोपराला मोठा मान आहे. जोनेथ स्पायसर या कला-इतिहासकार बाईंनी १९९१ मध्ये प्रबोधनकाळातल्या कोपरावरच एक निबंध लिहिला. लंडनच्या नॅशनल गॅलरीत टिशियनचं १५१० च्या सुमाराचं एक व्यक्तिचित्र आहे. दाढीवाला तरुण, निळ्या रेशमाची फुगीर शिवणीची बाही, आणि ते कोपर दगडी कठड्यावरून चित्राच्या चौकटीबाहेर, सरळ बघणाऱ्याच्या अंगावर आलेलं. चेहरा नंतर दिसतो, आधी बाही. रेम्ब्रांटने १६४० मध्ये स्वतःचं चित्र काढताना हीच बैठक उचलली. तेही त्याच संग्रहालयात आहे. फ्रान्स हाल्सच्या १६२४ च्या 'लाफिंग कॅव्हेलियर'मध्ये कमरेवर हात ठेवलेल्या गड्याचं कोपर असंच पुढे घुसतं. भरजरी बाहीतलं कोपर बाहेर काढून उभं राहणं म्हणजे, मी जागा अडवणारा माणूस आहे, हे सांगणं. सरदार, सेनानी, पैसेवाले व्यापारी असे उभे राहत. बायकांना मात्र चित्रकार बहुधा हात जुळवून, कोपरं अंगाशी घेऊन बसवत.

ही सगळी चित्रं बघताना मला राहून राहून पंढरपूर दिसत होतं. कमरेवर हात आणि दोन्ही बाजूंना काढलेली दोन कोपरं ही तर विठोबाची ओळख. वीट झाकली, टोपी झाकली, चेहरा पुसट केला, तरी त्या दोन कोपरांच्या आकारावरून लहान मूलसुद्धा ओळखतं. दिनदर्शिकेपासून टी-शर्टपर्यंत चितारणारे त्याच बाह्यरेषेवर पोट भरतात. उभं राहण्याची ढब तीच, जी हाल्सच्या गड्याची. पण एकाही वारकऱ्याला त्यात ताठा दिसला नाही. आपल्याला दिसतो तो वाट बघणारा, अठ्ठावीस युगं उभा राहून अवघडलेला, म्हणून कमरेला आधार दिलेला. हा फरक मूर्तिकाराने केलेला नाही. तो बघणाऱ्यांनी केला, आणि बघणारे होते पायी चालून आलेले, पाठीला हात लावून उभं राहणं म्हणजे काय ते अंगाने ठाऊक असलेले.

मध्य रेल्वेवर दिवा आणि डोंबिवलीच्या मधे कोपर नावाचंच स्टेशन आहे. सकाळच्या गाडीत तिथे शिरणाऱ्याला एल्बो रूम कशाला म्हणतात ते शिकवावं लागत नाही. मुंबईतल्या गर्दीसाठी रेल्वेला एक वेगळी संज्ञा वापरावी लागली, सुपर डेन्स क्रश लोड. एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं उभी. तरीही तिघांच्या बाकावर चौथी सीट निघते. ती रेल्वेने दिलेली नाही. दारातून कशीबशी आत आलेली बाई म्हणते, "ताई, जरा सरकता का?" आणि बसलेल्या तिघी सरकत नाहीत, कारण सरकायला जागाच नसते. त्या फक्त एक खांदा पुढे करतात आणि कोपरं आत घेतात. तेवढ्यात अर्धी मांडी टेकेल एवढा बाक मोकळा होतो. पुरुषांच्या डब्यात हे जरा कुरकुरत होतं, पण होतं.

मोबाईल दोन्ही हातांत धरून, कोपरं बाहेर काढून बसायची नवी पद्धत आल्यापासून ही चौथी सीट आक्रसत चालली आहे. तुम्ही खिडकीशी बसला असाल आणि कुणी "जरा सरकून घ्या" म्हणालं, तर पडद्यावरून मान वर नाही केलीत तरी चालेल, कोपर तेवढं आत घ्या.